अर्धा दात

फैजपूरच्या बसस्टँडमागे आमचं ठिबकचं दुकान:
नळ्या, बेंड, टी, सोल्युशनचे डबे.
हिशोबाची वही माझ्याकडे
आणि लीलाधरकडे, म्हणजे माझ्या भावाकडे,
हिशोबात न बसणारं सगळं.

सुरुवात झाली रांगेमुळे.
शाळेच्या कपाटातली दुर्बीण त्यानं दुरुस्त केली,
गच्चीवर लावली, शनी पकडला,
गल्लीतली पोरं एकामागे एक उभी केली.
पहिला म्हणाला, अरे बापरे.
दुसरीला अर्धाच दिसला.
तिसऱ्याच्या वाट्याला नुसता काळोख,
पृथ्वी तेवढ्यात पुढे सरकलेली.
रांगेच्या शेवटी जैतूनबाई तडवी,
दिवसभर वखारीत केळीचे घड उचलून आलेली.
डोळा लावून बराच वेळ उभी राहिली
आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली,
"छान हाये."

त्या "छान हाये"नं त्याची झोप गेली.

दोनशे एमएमच्या पाइपाचा चार बोटं काप,
वहीत मी 'तूट' लिहिलं.
झेरॉक्स मशीनची मोटर, भुसावळहून, वजनावर.
लुनाचं बेअरिंग.
मेलेल्या प्रिंटरची तीन गिअरं, शाईसकट.
फवारणी पंपाची बॅटरी. ही परत द्यायची आहे,
खाली दोन रेघा.

पऱ्हाटीच्या जाळावर पाइप धरला
की तो आपला हट्ट सोडतो,
पापडाच्या लाटीसारखा होतो.
तेवढ्यात आट्यांची सळई दाबून फिरवायची
म्हणजे तिचे दात त्यात उमटतात.
पहिलं कडं अंडाकार झालं.
दुसरं काळं पडलं,
तीन दिवस भाकरीला त्याचा वास.
तिसऱ्या वेळी हाताला गोणपाट गुंडाळून मी धरलं.
"दाबू नको. नुसतं धर."
नुसतं धरणं इतकं अवघड असतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.

सहाशे अठ्ठावीस दात.
मी मोजले, दोनदा, खडूनं खुणा करत.
शेवटचा पहिल्याला भेटेना,
मध्ये अर्ध्या दाताची फट.
मी म्हटलं, चौथं करू.
तो म्हणाला, राहू दे,
फट दिवसाकडे वळवून ठेवू.
दिवसा कोण शनी बघतं?

आमच्याकडे ध्रुव फार उंच नसतो,
सातपुड्याच्या माथ्यावर एकवीस अंश,
शेजारच्या गच्चीवर कुणी बसावं तसा.
त्याच्या रोखानं लोखंडी पाइप तिरका बसवला,
त्यावर कडं, कड्याला सळई,
सळईला प्रिंटर, प्रिंटरला झेरॉक्स.
दोन मिनिटं सतरा सेकंदांत सळईचा एक फेरा.
"चालू आहे का रे?"
"बघ ना."
हलताना काहीच दिसेना.
कान लावला: लांब कुठेतरी
कुणी सुपात गहू निवडतंय.
एवढी खटपट,
आणि सगळी जागच्या जागी राहण्यासाठी.

त्या रात्री लाइट गेली, बरंच झालं.
तेरा पोरं. तेराही जणांनी पाहिला.
चौथा तर परत रांगेत घुसला, मार खाल्ला.
मग जैतूनबाई.
पदरानं डोळा पुसून वाकली,
आणि एकदम ओरडली,
"उडी मारली त्यानं!"

लीलाधरचा चेहरा मला अंधारातही दिसला.
फट वळवायची राहून गेली होती.
तो सांगू लागला, मावशी, तो शनी नाही हलला,
ते आपलं कडं, म्हणजे पाइप,
म्हणजे माझी चूक...
तिनं डोळा न काढता हातानंच त्याला गप्प केलं.
"गेला नाही ना. उभा हाये.
वाळा हाये त्याच्या पायात."

झालं. आता तेराही पोरांना
उडीच पाहायची होती.
नुसता शनी कुणालाच नको.
पुन्हा रांग, ढकलाढकली,
आणि शनी शहाण्यासारखा स्थिर.
"पुन्हा कधी मारंल?" जैतूनबाईनं विचारलं.
लीलाधरनं मोटरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं,
बॅटरी परत द्यायचीय म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"उद्या," तो म्हणाला,
"चार मिनिटं आधी."